पट्टीखालचा डोळा

उन्हाळ्यात विहीर आटली आणि डोळेमास्तरांचे चार हजार खुंट वाफ्यातच वाळून काडी झाले. रोज सकाळी मास्तर बांधावर जाऊन उभे राहायचे. एखाद्या रोपाची साल नखाने खरवडून बघायचे. खाली हिरवं दिसलं तर अजून जीव आहे. पंधरा दिवस कुठे ना कुठे हिरवं दिसत राहिलं. सोळाव्या दिवशी जिथे नख लावावं तिथे तपकिरी. मग त्यांच्या बायकोने बाह्या सरसावल्या आणि रोपं उपटायला सुरुवात केली.

"चूल तरी पेटेल यांच्यावर," ती म्हणाली. "उभे काय राहताय? मढ्यावर पहारा देताय का?"

मास्तर हे काही शाळेतले मास्तर नव्हेत. त्यांची स्वतःची शाळा सातवीतच सुटली होती. पण तीस वर्षं ते डोळे भरत आले होते. म्हणजे रानलिंबाचं बी पेरायचं, रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की तो झाला खुंट. जमिनीपासून वीतभर उंचीवर त्याची साल चिरायची. गोड संत्र्याच्या चांगल्या झाडावरून कोंबासकट सालीचा एक तुकडा काढायचा, त्याला म्हणतात डोळा. तो त्या चिरेत सरकवायचा आणि वरून प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळायची. डोळा जगला की वरचं रानलिंबू छाटून टाकायचं. मुळं रानटी, फळ गोड. मास्तरांनी भरलेल्या शंभर डोळ्यांपैकी पंच्याण्णव जगायचे, आणि हे लांबलांबच्या बागवाल्यांना ठाऊक होतं.

थंडी पडली, डोळे भरायचे दिवस आले, आणि मास्तरांच्या सुरीला काम नव्हतं. तेव्हा त्यांचा साडू दारात येऊन उभा राहिला. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. गाडी चालूच ठेवून, खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणाला,

"साडूभाऊ, घरी बसून काय माश्या मारताय? या माझ्याकडे. पुढचे चार वाफे तुम्ही भरा. रोज जाणार-येणार माणूस हात बघेल तुमचा."

"रोजंदारीवर?" मास्तरांनी विचारलं.

"असं काय परक्यासारखं? घरचंच काम. पण हो, रोजचा रोज देईन."

बारा वर्षांपूर्वी हाच माणूस मास्तरांच्या शेजारी पाटावर बसून सुरी धरायला शिकला होता. पहिल्याच दिवशी अंगठा कापून घेतला, तर मास्तरांनीच तो बांधला होता. आता हमरस्त्याला त्याच्या रोपवाटिकेचा केवढा तरी फलक होता. दोन कूपनलिका, घरावर दुसरा मजला चढत होता. चर्चला त्याने पन्नास खुर्च्या दिल्या, त्याही पाठीवर नाव न घालता. मास्तरांना हेच जास्त लागलं होतं. नाव घातलं असतं तर निदान मिरवतो म्हणायला जागा राहिली असती.

"जाऊ का?" त्यांनी बायकोला विचारलं.

"जा की. माझ्या बहिणीचं घर आहे, वाघाची गुहा नाही."

"तो कसा धंदा करतो ते तुला माहीत आहे."

"मला ऐकून माहीत आहे. तुम्हाला बघायचंय. तीन वर्षं झाली, जेवताना-उठताना त्याच्याबद्दलच बोलता. जा, पोटभर बघून या एकदाचं."

बायको नेहमी मुळावरच घाव घालायची. मास्तरांना खरंच बघायचं होतं. इतकं खोटं करून माणूस इतका टवटवीत कसा राहतो, हे कोडं त्यांच्या डोक्यात घर करून बसलं होतं. त्याला झोप येते का? घास गिळतो कसा? रविवारी डोळे मिटतो तेव्हा देवाशी बोलतो तरी काय?

पहिल्या सकाळी हातपाय गारठलेले. मास्तरांनी बोटांवर फुंकर मारली, ओल्या गोणपाटातल्या डोळकाड्या, म्हणजे डोळे काढायच्या गोड संत्र्याच्या काड्या, उलगडल्या आणि पहिल्या खुंटाशी बसले. एक आडवी चीर, तिच्यातून खाली एक उभी. सुरीच्या मागच्या टोकाने साल हलकेच उचलायची, डोळा आत सरकवायचा, पट्टी खालून वर न्यायची. रानलिंबाच्या काट्यांनी मनगटं ओरबाडून निघत होती. दुपारपर्यंत पाठीचा कणा भाजल्यासारखा झाला. पण डोळकाड्या चांगल्या होत्या. मास्तरांना नवल वाटलं. चार वाफ्यांपुरत्या साडूने खऱ्या काड्या आणल्या होत्या.

मागच्या बाजूला जाळीच्या मांडवाखाली बायका बसल्या होत्या. त्यांच्यातली एक बुटकी, तिला सगळे ठेंगणी म्हणत, वळूनसुद्धा न बघता झपाझपा पट्ट्या गुंडाळत होती. मास्तर पाणी प्यायच्या निमित्ताने तिकडे गेले. ती मागच्या वर्षीची, विक्रीला तयार रोपं होती. मास्तरांनी वाकून बघितलं. खुंटाचा शेंडा छाटलेला. बाजूने खुंटाचाच फुटवा वर काढलेला. ठेंगणी त्या फुटव्याच्या बुडाशी पट्टी गुंडाळत होती. पट्टीखाली चीर नाही, डोळा नाही, काही नाही. नुसतं रानलिंबू, गळपट्टा घातलेलं.

"सगळी अशीच?" त्यांनी विचारलं.

"कुंपणाकडचे दोन वाफे खरे आहेत," ठेंगणी म्हणाली. "तपासायला साहेब येतो ना, त्याच्यासाठी."

"आणि हे नेणाऱ्यांचं काय?"

"मला पट्ट्या बांधायला ठेवलंय, मास्तर. विचार करायला नाही."

झाड वाढणार, हिरवंगार होणार, पाच वर्षांनी फळ धरणार. आंबट ढाण. तोवर पावती कुठे, माणूस कुठे. फार तर साडू म्हणणार, तुमची जमीनच तशी.

मास्तर परत आपल्या पाटावर येऊन बसले. थोड्या वेळाने गाडी थांबल्याचा आवाज आला आणि साडू दोन गिऱ्हाइकांना घेऊन आला. मास्तरांच्या डोक्यावर उभा राहून म्हणाला, "हे बघा, खुद्द यांचा हात. आमचे थोरले साडू. यांच्या डोळ्याला तोड नाही." गिऱ्हाइकं वाकून बघू लागली. एकाने मास्तरांची सुरी उचलून धार बघितली आणि परत ठेवली. मास्तर मान खाली घालून पट्टी ओढत राहिले. गिऱ्हाइकं खूश होऊन मागच्या मांडवाकडे गेली आणि तिथली चारशे रोपं गाडीत भरून घेऊन गेली.

आपण इथे कशाला आहोत ते मास्तरांना पहिल्याच दिवशी कळलं. तरी दुसऱ्या दिवशी ते गेले. तिसऱ्याही. रोजचा रोज मिळत होता, हे एक. आणि दुसरं म्हणजे बघायचं संपलं नव्हतं.

त्यांनी साडूला असा न्याहाळला, जसा कीड शोधणारा माणूस पानाची मागची बाजू न्याहाळतो. साडू वेळेवर यायचा. मजुरांशी गोड बोलायचा. कुणाचं मूल आजारी असलं तर गाडीने दवाखान्यात पोचवायचा. दुपारी सगळ्यांबरोबर मांडवातच डबा उघडायचा, आणि उघडण्याआधी लांबलचक प्रार्थना म्हणायचा. मास्तर एक डोळा किलकिला ठेवून बघायचे. आवाज कुठे अडखळतो का? कुठेच नाही. आजारी माणसं, पाऊसपाणी, शेजारीपाजारी, सगळ्यांची नावं घेऊन, मनापासून. आमेन म्हणून दोन माणसांचं जेवायचा आणि मग झाडाखाली सतरंजी टाकून आडवा व्हायचा. डोकं टेकलं की घोरायला लागायचा. तोंड थोडं उघडं, छाती भात्यासारखी वरखाली.

मास्तरांना आठ-आठ दिवस पित्त उसळायचं. रात्री कूस बदलून बदलून अंथरुणाचा बोळा व्हायचा. आणि हा माणूस भर दुपारी तान्ह्या बाळासारखा झोपत होता.

"देवा," मास्तर मनात म्हणायचे, "हिशेब कुठेतरी उलटा लागलाय."

दहाव्या दिवशी त्यांना राहवलं नाही. जेवण झालं होतं, बायका नळावर डबे घासायला गेल्या होत्या. साडू दातकोरणीने दात कोरत बसला होता.

"एक विचारू?" मास्तर म्हणाले. "रागावणार नाहीस ना?"

"विचारा की."

"तुला काहीच वाटत नाही का रे?"

साडूला कशाबद्दल ते सांगावं लागलं नाही. त्याने मागच्या मांडवाकडे एकदा बघितलं. मास्तरांना वाटलं होतं, हा उसळेल, नाहीतर हसण्यावारी नेईल. पण तो विचार करायला लागला, कुणी रस्ता विचारल्यावर आठवून सांगावा तसा.

"पहिल्या वर्षी वाटायचं," तो म्हणाला. "रोज. छातीत असं काहीतरी खुपायचं. झोपसुद्धा जायची. मग कमी झालं. दात काढल्यावर नाही का, चार दिवस जीभ सारखी त्या खड्ड्यात जाते? मग जायची बंद होते. तिथे दात होता हेही विसरायला होतं." त्याने दातकोरणी फेकून दिली. "तुम्हाला अजून वाटतं ना? म्हणून तुम्ही तिथेच आहात, साडूभाऊ. वाईट वाटून घेऊ नका."

आणि सतरंजी अंथरून तो झोपला.

मास्तर त्याच्याकडे बघत बसले. तीन वर्षांच्या प्रश्नाला उत्तर मिळालं होतं, तेही फुकट. पण त्या उत्तराने समाधान होण्याऐवजी अंगावर काटा आला. तरीही खरं सांगायचं तर त्या क्षणी त्यांना वाटलं, आपलाही तो दात एकदाचा पडावा. एकच वर्ष दुखेल. मग वरचा मजला, दोन कूपनलिका, दुपारची झोप.

त्याच आठवड्यात नर्सबाई आल्या. साठीच्या, ताठ पाठीच्या. चाळीस वर्षं दवाखान्यात नोकरी करून निवृत्त झालेल्या. सगळी पुंजी घालून त्यांनी टेकडीखाली दोन एकर घेतले होते आणि तिथे संत्र्याची बाग लावायची होती. साडूला गावात काम निघालं होतं, म्हणून तो, "साडूभाऊ, बाईंना जरा रोपं दाखवा, मी आलोच," असं सांगून गेला.

बाई मास्तरांशेजारी चक्क जमिनीवर बसल्या. चष्मा नाकावर सरकवून त्यांचं काम बघू लागल्या.

"हे तर टाके घालण्यासारखंच आहे," त्या म्हणाल्या. "पट्टी किती दिवस ठेवायची?"

"वीसेक दिवसांनी सोडून बघायची. मग विकेपर्यंत सैल बांधून ठेवायची."

"आणि जिवंत आहे हे कसं कळतं?"

"डोळ्याला पानाचा देठ ठेवलेला असतो. तो नुसतं बोट लावताच गळून पडला तर डोळा जगला. चिकटून राहिला तर मेला."

"अरे वा. उलटंच की." बाई खूश झाल्या. मग एकेक गोष्ट विचारत गेल्या. डोळा कुठल्या फांदीचा घ्यायचा, कुठल्या झाडाचा, सकाळी की संध्याकाळी. मास्तरांशी असं कुणी बऱ्याच दिवसांत बोललं नव्हतं. शेवटी बाई उठल्या, कपडे झटकले आणि म्हणाल्या, "मग माझी सहाशे रोपं तुम्ही भरलेलीच ना?"

मास्तरांनी सुरी खाली ठेवली.

"माझी अजून एक वर्षाने तयार होतील," ते म्हणाले. "तुमची मागच्या मांडवातली आहेत."

"ती कुणी भरलीत?"

मास्तर गप्प. बाईंनी चाळीस वर्षं आजाऱ्यांची तोंडं वाचली होती. गप्प बसण्याचे प्रकार त्यांना कळत होते.

"काय आहे ते सांगून टाका," त्या म्हणाल्या.

"ती खरी नाहीत, बाई. पाच वर्षांनी आंबट येतील."

बाईंनी त्यांच्याकडे रोखून बघितलं. मग मांडवाकडे, मग बांधकाम चाललेल्या दुसऱ्या मजल्याकडे, मग मास्तरांच्या ठिगळ लावलेल्या गुडघ्यांकडे.

"मालक तुमचे नातेवाईक ना?"

"साडू."

"तुम्हाला त्यांचा हेवा वाटतो का?"

असा प्रश्न मास्तरांना आजवर कुणी तोंडावर विचारला नव्हता. नाही म्हणणं सोपं होतं. जीभ तशी वळलीही होती.

"वाटतो," ते म्हणाले. "फार वाटतो."

"मग मी तुमचं ऐकू कसं?"

"माझं ऐकूच नका. पट्टी सोडून बघा."

बाई ताडताड मांडवात गेल्या, पहिलं हाताला लागलं ते रोप उचललं आणि पट्टी सोडली. साल सरळ, गुळगुळीत. दुसरं उचललं. तेही तसंच. बाईंनी ओळीने दहा रोपं सोडली. दहाही कोरी. पट्ट्यांचा ढीग त्यांच्या पायाशी पडला होता आणि ठेंगणी हातातलं काम टाकून उभी राहिली होती.

एकेक पट्टी उलगडत होती तसतशा मास्तरांच्या पोटात गुदगुल्या होत होत्या. आला, आला, दिवस आला! असं त्यांच्या आत कुणीतरी टाळ्या पिटत होतं. बाईंच्या दोन एकरांचा विचार त्यांच्या मनात त्या घडीला नव्हता, हे त्यांना मागाहून आठवलं.

साडूची गाडी आली. बाईंनी त्याच्यासमोर दहा रोपं मांडली. मास्तर पुढे सरकून बघू लागले.

साडूने रोपं बघितली, पट्ट्या बघितल्या, एकदा मास्तरांकडे बघितलं. आणि गर्रकन ठेंगणीकडे वळला.

"हे काय केलंस? डोळे न भरताच पट्ट्या बांधल्यास? माझं नाव बुडवायला बसलीस? चालती हो!"

ठेंगणीचं तोंड उघडंच राहिलं. साडू बाईंना हात जोडून म्हणाला, "तुमच्यामुळे कळलं, बाई. उपकार झाले. माणसांवर विश्वास ठेवायचा म्हणजे असं होतं. या, कुंपणाकडची घ्या. सोडून बघा, हवी तितकी सोडून बघा."

बाईंनी कुंपणाकडची वीस रोपं सोडून बघितली. वीसही खरी. त्यांना सहाशे अस्सल रोपं मिळाली. जाताना त्या साडूला म्हणाल्या, "चूक कबूल करणारा माणूस आजकाल भेटत नाही." मास्तरांकडे बघून त्यांनी मान हलवली. पण ती कौतुकाने की आणखी कशाने, ते कळलं नाही.

गाडी गेल्यावर साडू जवळ आला. आवाज चढवला नाही.

"उद्यापासून येऊ नका, साडूभाऊ."

ठेंगणी फाटकाशी आपला डबा पिशवीत कोंबत होती. मास्तर तिच्यापाशी थांबले. तीच म्हणाली,

"खरं तुम्ही बोललात, पोटावर पाय माझ्या आला. आमच्यासाठी नका बोलत जाऊ खरं, मास्तर. परवडत नाही."

घरी गेल्यावर मास्तरांनी बायकोला सगळं सांगितलं. गुदगुल्यांचं सोडून. ती शेंगा सोलत ऐकत होती.

"बाईंना चांगली रोपं मिळाली ना?"

"मिळाली."

"मग तोंड का असं?"

"तो सुटला गं! बाई त्यालाच चांगला म्हणून गेली. हात जोडले, आणि सुटला. देव तिथे उभा होता की नाही?"

"देव तुमच्या साडूच्या कानफटात मारायला उभा राहील असं वाटलं होतं का तुम्हाला?"

"हो," मास्तर म्हणाले.

बायको हसली नाही. "ठेंगणीचं काय?" तिने विचारलं. दुसऱ्या दिवशी बायको स्वतःच उठून बहिणीकडे जाऊन आली. काय बोलली ते तिने सांगितलं नाही आणि मास्तरांनी विचारलं नाही.

रविवारी प्रभुभोजन होतं. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा छोटा पेला ताटातून ओळीओळीने फिरत होता. पुढच्या ओळीत साडू बसला होता, इस्त्रीचा शर्ट, मानेवर नुकतेच कापलेले केस. त्याने तुकडा घेतला, डोळे मिटले, खांदे सैल सोडले. मास्तर त्याच्या मानेकडे बघत होते. खुर्चीसुद्धा त्यानेच दिलेली, आपण बसलोय ती.

ताट त्यांच्यासमोर आलं. हात पुढे गेला आणि मध्येच थबकला. त्यांना एकदम मांडवातल्या त्या टाळ्या ऐकू आल्या. बाईंचं भलं व्हावं म्हणून नव्हत्या त्या. साडूचं वाटोळं बघायला त्यांचा जीव आसुसला होता. बोललेलं खरं होतं, पण ज्या पोटातून ते आलं होतं तिथे दुसरंच काहीतरी शिजत होतं. हे जाणवलं तेव्हा त्यांना भयंकर लाज वाटली. छातीत कळ यावी तशी. आणि त्या कळेतच त्यांना साडूचं बोलणं आठवलं. त्याचं दुखायचं थांबलं होतं. मास्तरांचं दुखत होतं. दुखतोय म्हणजे दात अजून तोंडात आहे. कुणीतरी तो पडू दिलेला नाही.

ताट त्यांनी तसंच पुढे सरकवलं. बायकोने चमकून बघितलं.

उपासना संपल्यावर पाळकांनी त्यांना दाराशी गाठलं. पाळक म्हातारे होते, कानाला थोडे जड, त्यामुळे मोठ्याने बोलायचे.

"मास्तर, का नाही घेतलं?"

"हळू बोला, पाळकसाहेब." मास्तरांनी इकडेतिकडे बघितलं. "साडूबद्दल मनात वाईट आहे. तीन वर्षं मी त्याचं वाटोळं व्हायची वाट बघतोय. प्रार्थनेतसुद्धा तेच मागतो, शब्द फक्त चांगले वापरतो."

"आणि तो?"

"तो चुकीचंच वागतो, साहेब. ते खोटं नाही."

"त्याचं तो बघेल, नाहीतर देव बघेल. पण वाटोळं तू मागितलंस ना?"

"मीच."

"मग मला काय सांगतोस? मी तुझा साडू आहे का?"

दुपारी मास्तर आणि त्यांची बायको साडूच्या घरी गेले. मास्तर त्या घराच्या मागच्या अंगणात कित्येक वर्षांत गेले नव्हते. पाहुणे पुढच्या खोलीत बसायचे आणि मजूर रोपवाटिकेत. आज बायका आत गेल्या, आणि साडू अंगणात खाट टाकून बसला होता म्हणून मास्तरही तिकडे गेले. साडूने त्यांना बघून भुवया उंचावल्या. उठला नाही, पण पाय मात्र खाली घेतले.

"बसा."

मास्तर बसले.

"जे सांगितलं बाईंना, ते पुन्हा कुणी विचारलं तर पुन्हा सांगेन," ते म्हणाले. "त्याची माफी मागायला नाही आलो."

"मग?"

"तीन वर्षं मी तुझं वाईट चिंतलं. तुला आजार व्हावा, धाड पडावी, मजला कोसळावा. तू झोपायचास तेव्हासुद्धा मी बसून हेच. त्याची माफी मागायला आलोय."

साडू त्यांच्याकडे बघतच राहिला. मग त्याचे खांदे हलायला लागले.

"मजला कोसळावा?"

"हो."

"आम्ही खाली असताना?"

"नाही, नाही. तुम्ही चर्चला गेलेले असताना."

साडू खदखदून हसला. इतका, की मास्तरांनाही हसू आलं. दोघं डोळे पुसेपर्यंत हसले. आतून साडूच्या बायकोने डोकावून बघितलं आणि डोकं परत आत घेतलं.

"तुम्ही म्हणजे कमाल आहात, साडूभाऊ," साडू म्हणाला. "कुणी असं येऊन सांगतं का?" त्याने हात लांब करून शेजारच्या झाडाची दोन संत्री तोडली, एक मास्तरांना दिलं. "घ्या. आणि ठेंगणीला बोलावून घेतलंय मी कालच. तुमच्या मेहुणीने डोकं खाल्लं."

मास्तरांनी संत्रं सोललं. साल पातळ, सैल. फोड तोंडात टाकली आणि ते थांबले. गोडीच्या मागे ती बारीकशी आंबूस चव, जिभेच्या कडेला रेंगाळणारी. ही मास्तरांच्या स्वतःच्या घरामागच्या झाडाची चव होती. ते उठले, झाडापाशी गेले आणि गुडघ्यांवर बसून बुंधा बघितला. वीतभर उंचीवर, जिथे डोळा बसतो तिथे, जुना जोड होता. पट्टी डावीकडून ओढल्याची खूण सालीत राहिली होती. डावीकडून ओढणारा या भागात एकच माणूस होता. त्यांनी शेजारचं झाड बघितलं, त्याच्या पलीकडचं बघितलं. सहाच्या सहा झाडं तशीच.

"ही माझ्या हातची आहेत," ते म्हणाले.

"तुमचीच. मी शिकायला होतो तेव्हा तुमच्या वाफ्यातून आणली होती. विचारून आणली होती हं!"

"पण दोन तर अलीकडची दिसतात. तीन-चार वर्षांची."

"ती तुमच्या घरून मागून आणली. हिच्या बहिणीने दिली."

मास्तर अजून गुडघ्यांवरच होते. त्यांना खरंच कळेना. कुरापत काढावी म्हणून नव्हे, कळेना म्हणूनच त्यांनी विचारलं,

"तुझ्याकडे हजारो रोपं असताना, दोन माझ्याकडून का मागितलीस?"

"घरी खायची होती ना," साडू म्हणाला.

सहज म्हणाला. आणि म्हणून झाल्यावर त्याला ते ऐकू आलं. हातातली फोड तोंडापाशी गेली होती, ती तिथेच राहिली. त्याने त्या सहा झाडांकडे बघितलं. मग फोड परत सालीवर ठेवली.

मास्तरांनी स्वतःच्या आत डोकावून बघितलं. टाळ्या? नव्हत्या. उलट कठड्यावर झोपलेल्या माणसाला हाक मारावी की न मारावी, दचकून खाली तर जाणार नाही ना, असं काहीसं वाटत होतं. ते उठले, गुडघ्यांची माती झटकली.

"मागचे वाफे यंदाचे अजून भरायचेत," ते हळूच म्हणाले. "काड्या माझ्याकडच्या ने. खुंटापाशी मी बसेन."

"सोळा हजार आहेत," साडू म्हणाला.

"जेवढे होतील तेवढे."

बायका चहा घेऊन आल्या आणि बोलणं दुसरीकडे वळलं.

वाटेत बायकोने विचारलं, "काय म्हणाला?"

"काही नाही म्हणाला."

"आणि तुमचं पोट?"

मास्तरांनी पोटावर हात ठेवून बघितलं. "आत्ता तरी गप्प आहे," ते म्हणाले. "उद्याचं सांगता येत नाही."

पुढच्या आठवड्यात साडूच्या दुसऱ्या मजल्याचा स्लॅब पडला, म्हणजे ओतून झाला, आणि चांगला मजबूत पडला. रोपांनी भरलेल्या गाड्या रोज हमरस्त्याने जात होत्या. मास्तरांनी विहिरीच्या तळाशी जमलेल्या घागरभर पाण्यावर दोन वाफे ओले केले आणि रानलिंबाचं बी पेरलं. गाडीचा आवाज आला की अजूनही मान वर व्हायची. मग ते ती खाली घालायचे.

एका सकाळी फाटकाशी ठेंगणी उभी राहिली. काखेत ओलं गोणपाट होतं.

"मालकांनी डोळकाड्या मागितल्यात," ती म्हणाली. "तुमच्या झाडाच्या. दोन गठ्ठे."

"दोनच?"

"दोन म्हणाले."

"कशाला, ते काही बोलले का?"

"मला आणायला पाठवलंय, मास्तर," ठेंगणी म्हणाली. पण या वेळी तिच्या ओठांच्या कोपऱ्यात किंचित हसू होतं.

मास्तर शिडी घेऊन घरामागे गेले. बायको हातातलं काम टाकून खाली येऊन उभी राहिली आणि वरून येणाऱ्या काड्या झेलू लागली.

"दोन गठ्ठ्यांत किती डोळे होतील हो?"

"हजारभर."

"आणि बाकीचे पंधरा हजार?"

गोल, भरलेल्या डोळ्यांची फांदी शोधत मास्तर शेंड्यापर्यंत गेले. काड्या मोजून बायकोने दोन गठ्ठे बांधले आणि वर बघून म्हणाली, "झाले. उतरा आता."

"थांब," मास्तर वरून म्हणाले. "तिसरा बांधायला सुतळी आण."